एक प्रश्नावली, एक स्टॉपवॉच आणि आमच्या शाळेचं आरोग्य-धोरण

बाहेरच्या सल्लागारांकडून करून घेतलेल्या आरोग्य-धोरणाच्या १७व्या पानावर दुसऱ्याच एका शाळेचं नाव होतं. ४२ पानांची सुबक फाइल, रंगीत मुखपृष्ठ, आत संतुलित आहाराचं चित्र. मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा एकच प्रश्न पडला, उद्या सकाळी शाळेत नेमकं काय बदलणार? शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून मला १९ वर्षं झाली. मुलांच्या तब्येतीची काळजी करणारी भाषणं मी भरपूर ऐकली आहेत आणि स्वतः केलीही आहेत. पण त्या फाइलमध्ये मैदान कधी उघडं असेल, पाणी कुठे मिळेल, मुलांना जेवायला किती मिनिटं मिळतील, यातलं काहीच नव्हतं. मुख्याध्यापिकांना मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा."

त्यातून जे वर्ष गेलं, त्या वर्षभरात वापरलेल्या साधनांबद्दल हे लिहिते आहे. मुख्य साधन म्हणजे 'स्कूल हेल्थ इंडेक्स'. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, शाळांना स्वतःची तपासणी करता यावी म्हणून तयार केलेली ही मोफत प्रश्नावली. पहिल्यांदा २००० साली आली, पुढे वाढत, बदलत गेली. प्राथमिक शाळांसाठी वेगळी आणि वरच्या वर्गांच्या शाळांसाठी वेगळी. एकूण ११ विभाग आहेत: धोरणं आणि वातावरण, आरोग्यशिक्षण, शारीरिक शिक्षण, आहार, आरोग्यसेवा, समुपदेशन, शाळेतलं भावनिक वातावरण, इमारत आणि परिसर, कर्मचाऱ्यांचं आरोग्य, पालक, आणि आजूबाजूचा समाज. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. ३ म्हणजे गोष्ट पूर्णपणे अमलात आहे, ० म्हणजे नाहीच. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नाही. दुसऱ्या शाळेशी तुलना करायला किंवा कुणाला जाब विचारायला हे वापरू नका, असंही त्यात सांगितलेलं आहे. ते वाक्य मी आमच्या आरोग्य समितीच्या पहिल्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण खोलीतले अर्धे लोक चौकशी समितीसमोर बसल्यासारखे बसले होते.

या साधनाची खरी किंमत मला कळली ती आमच्या एका चुकीमुळे. पहिला विभाग आम्ही एकत्र बसून भरला. मुख्याध्यापिका गुण सांगायच्या आणि बाकीचे माना डोलवायचे. तासाभरात सगळीकडे २ आणि ३. शाळा जणू आदर्शच! घरी जाऊन मी ते कागद पुन्हा पाहिले आणि मला लाज वाटली. दुसऱ्या बैठकीला मी प्रत्येकाला कोरी प्रश्नावली दिली, आधी एकट्यानं भरा, मग बोलू. माणसंही वाढवली. उपाहारगृह चालवणारे काका, सफाईचं काम बघणाऱ्या मावशी, दोन पालक, ग्रंथपाल बाई, आणि आठवीतली एक मुलगी व एक मुलगा.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आला. दिवसभर मुलांना फुकट, सुरक्षित पाणी मिळतं का? मुख्याध्यापिकांचे गुण ३, माझे ३, आठवीतल्या मुलीचा १. तिला विचारलं तेव्हा ती आधी बोलेना. मग म्हणाली, "बाई, पाणी आहे. पण आम्ही मुली पीतच नाही. प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागतं."

खोली गप्प झाली. पाणी एका विभागात येतं आणि स्वच्छतागृहांची अवस्था दुसऱ्या. कागदावर ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आम्ही दोन्ही वेगवेगळे सोडवले असते. नवीन नळ बसवून फोटोही काढले असते. त्या मुलीनं एका वाक्यात ते दोन्ही एकमेकांना जोडले. दाराला आतून कडी नाही आणि दुपारनंतर आत पाय ठेवता येत नाही, म्हणून मुली तहानलेल्या राहतात. मावशींनी लगेच सांगितलं की दुपारच्या सफाईची वेळच ठरलेली नाही, कुणी सांगेल तेव्हा होते. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

जेवणाच्या वेळेबद्दलचा प्रश्न मला या प्रश्नावलीतला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो अगदी काटेकोर आहे. दुपारच्या जेवणाला किमान २० मिनिटं मिळतात का, आणि ती मोजायची मूल जागेवर बसल्यापासून. 'बसल्यापासून' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. आमची मधली सुट्टी २५ मिनिटांची, त्यामुळे सगळ्यांनी बिनदिक्कत ३ गुण दिले होते. मी म्हटलं, मोजू या. आठवीतल्या त्या दोघांना स्टॉपवॉच दिलं. आठवडाभर त्यांनी रोज रांगेतल्या शेवटच्या मुलाची वेळ लिहिली: घंटा, जिना, हात धुण्याची रांग, मग जागा. सरासरी ११ मिनिटं निघाली. एके दिवशी तर ७. पहिली-दुसरीची मुलं अर्धंअधिक तसंच टाकून पळतात, म्हणून आम्ही 'मुलं नीट जेवत नाहीत' असं पालकांना कळवत होतो, ती हीच मुलं.

उपाय फार मोठा नव्हता. वर्गांचे दोन गट करून मधली सुट्टी १५ मिनिटांच्या फरकानं ठेवली, आणि पाचऐवजी ११ नळ चालू केले. सहा नळ वर्षानुवर्षं नादुरुस्त होते. लहान वर्गांना आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम करून पाहिला. जेवणातून उठून पळायची घाई गेली, ती थोडी जास्त वेळ टेकायला लागली. वेळापत्रक करणाऱ्या सरांनी मात्र दोन आठवडे माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं, कारण त्यांना सगळे तास पुन्हा बसवावे लागले. त्यांचं कष्टाचं काम होतं, हे इथे नोंदवते.

आता माझ्या स्वतःच्या विषयाबद्दल. शारीरिक शिक्षणाच्या विभागात दोन आकडे आहेत. प्राथमिकला आठवड्याला १५० मिनिटं, वरच्या वर्गांना २२५ मिनिटं. आम्ही दोन्हींच्या खाली होतो आणि ते मला आधीपासून माहीत होतं. त्याबद्दल तक्रार करायची मला सवयच झाली होती. पण पुढचा प्रश्न मी अपेक्षिला नव्हता: तासातला किमान निम्मा वेळ मुलं मध्यम ते जोरदार हालचालीत असतात का? माझ्याच तासाला मी एका सहकाऱ्याला एका मुलावर लक्ष ठेवायला बसवलं. ४० मिनिटांच्या तासात मैदानावर पोहोचणं, हजेरी, सूचना, मग रांगेत उभं राहून पाळीची वाट बघणं. तो मुलगा प्रत्यक्ष हलला १३ मिनिटं. ३० मुलं, दोन चेंडू आणि मी शिट्टी घेऊन मधोमध. म्हणजे बहुतेक मुलं बहुतेक वेळ दुसऱ्यांचा खेळ बघत होती, आणि जी मुळातच मागे राहतात ती सगळ्यात जास्त.

त्या दिवसापासून मी चार-पाच जणांचे गट करते, प्रत्येक गटाला स्वतःचा चेंडू किंवा दोरी, आणि हजेरी चालता-चालता. चेंडू कमी पडले तर कापडाचे गोळे बांधून घेतो. याच महिन्यात पुन्हा मोजलं तेव्हा २२ मिनिटं निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे प्रकार असावेत. हा आकडा शाळेच्या भिंतीवर लावायला सोपा आहे. पण तो वरच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. आठवड्याला ४२० मिनिटं हवीत. २२५ मिनिटांचे तास मिळाले आणि त्यात निम्मा वेळ खरी हालचाल झाली, तरी ११२च्या आसपास होतात. उरलेली ३००हून जास्त मिनिटं कुठून येणार? मधल्या सुट्टीतून, शाळेत चालत येण्यातून, दोन तासांमधल्या पाच मिनिटांतून, संध्याकाळच्या खेळातून. म्हणजे हे एकट्या खेळाच्या शिक्षिकेचं काम नाहीच. गणिताच्या बाईंनी तासाच्या मध्ये मुलांना उभं करून उत्तरं द्यायला लावणं हाही धोरणाचा भाग आहे. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा पहिल्यांदा बाकीच्या शिक्षकांनी 'हे तुमच्या विषयाचं' म्हणणं सोडलं.

एका प्रश्नानं मला फार त्रास दिला. शारीरिक हालचाल शिक्षा म्हणून वापरायला, किंवा शिक्षा म्हणून शारीरिक शिक्षणाचा तास काढून घ्यायला, शाळेत मनाई आहे का? मी उशिरा येणाऱ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावत आले आहे. व्यायामही होतो आणि शिस्तही लागते, असं मी मनापासून मानत होते. पण विचार केला तर आयुष्यभर धावण्याची आवड लागावी म्हणून मी जी गोष्ट शिकवते, तीच अपमानाची खूण म्हणून वापरत होते. ती पद्धत मी त्याच आठवड्यात बंद केली आणि मुलांना का बंद केली तेही सांगितलं. त्याच्याच जोडीचा प्रश्न खाण्याचा आहे, खाऊ बक्षीस म्हणून देता का? उत्तर बरोबर आलं की चॉकलेट, ही लहान वर्गांतली रीत थांबवणं जास्त अवघड गेलं, कारण त्यात शिक्षिकांचं प्रेम होतं. आता बक्षीस म्हणून वर्गाला दहा मिनिटं जास्त खेळायला सोडतात.

सगळे विभाग भरून झाले की पुढे कामांची निवड येते. सुचलेल्या प्रत्येक कामाला पाच कसोट्यांवर १ ते ५ गुण द्यायचे: महत्त्व, खर्च, वेळ, लोकांची तयारी आणि शक्यता. सगळ्यांच्या मनात व्यायामशाळा होती. ती गुणांच्या यादीत नववी आली. सगळ्यात वर आली ती खेळाच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली. कपाट मधल्या सुट्टीत बंद असायचं, कारण साहित्य हरवलं तर भरपाई माझ्यावर यायची. आता सातवी-आठवीची चार मुलं पाळीपाळीनं ते उघडतात आणि वहीत नोंद करतात. वर्षात दोन दोऱ्या आणि एक चेंडू गेला. एवढंच.

धोरण शब्दांत मांडताना दुसरं एक साधन उपयोगी पडलं, 'वेलसॅट'. शाळांची लिखित आरोग्य-धोरणं तपासण्यासाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी ते बनवलं. यात शाळेत काय चालतं हे पाहत नाहीत, फक्त कागदावरची भाषा पाहतात. विषयाचा उल्लेखच नसेल तर ०, मोघम असेल तर १, बंधनकारक आणि नेमका असेल तर २. आमच्या त्या ४२ पानांना ही फूटपट्टी लावली तेव्हा बहुतेक ठिकाणी १ पडला. आपल्या भाषेत हे फार सहज घडतं. 'प्रोत्साहन द्यावे', 'शक्यतो टाळावे', 'जागरूकता निर्माण करावी'. या 'वे'कारान्त वाक्यांना कर्ताच नसतो. कोणी द्यावे, कधी द्यावे, न दिल्यास काय? आम्ही नियम केला की प्रत्येक वाक्यात माणूस, वेळ आणि मोजमाप आलंच पाहिजे. 'विद्यार्थ्यांना पुरेसा वेळ देण्यात यावा' हे खोडलं आणि लिहिलं: 'रांगेतल्या शेवटच्या मुलाला बसल्यापासून २० मिनिटं मिळतात का, हे आरोग्य समितीचे दोन विद्यार्थी दर महिन्याला एक आठवडा मोजतील आणि आकडा सूचनाफलकावर लावतील.' शेवटचं धोरण चार पानांचं झालं, १४ नियमांचं.

पूर्ण झाल्यावर ते सीडीसीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांशी ताडून पाहिलं. शाळेतला आहार आणि शारीरिक हालचाल यांवरच्या त्या नऊ सूचना आहेत. आमच्याकडून शेवटची पूर्ण निसटली होती: काम करणाऱ्या माणसांची पात्रता आणि त्यांचं सततचं प्रशिक्षण. आठवी, म्हणजे कर्मचाऱ्यांचं स्वतःचं आरोग्य, आम्ही एका ओळीत गुंडाळली होती. दोन्ही पुन्हा लिहिल्या.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनेस्को यांनी २०२१ मध्ये आरोग्य-प्रवर्तक शाळांसाठी आठ जागतिक मानकं जाहीर केली, तीही चाळली. शाळा ही एक संपूर्ण व्यवस्था म्हणून कशी पाहायची, हे त्यातून चांगलं समजतं. पण पहिलं मानकच सरकारी धोरण आणि निधीचं आहे, त्यामुळे एका शाळेनं सुरुवात त्यानं करू नये असं माझं मत आहे. अनेक शाळांचा कारभार बघणाऱ्यांनी मात्र तिथूनच सुरुवात करावी.

इंडेक्सच्या मर्यादाही सांगते. ती अमेरिकेतल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, त्यामुळे प्रशिक्षित परिचारिका, समुपदेशक, शाळेनं चालवलेली जेवणाची व्यवस्था अशा गोष्टी गृहीत धरलेले बरेच प्रश्न येतात. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांच्या कागदावर शून्यांची रांग लागते आणि मन खचतं. आम्ही असे प्रश्न वगळले नाहीत, पण वेगळ्या रंगानं लिहिले. शिवाय सगळं इंग्रजीत. मावशी आणि काकांसाठी मी प्रश्न मराठीत उतरवले, तेही सोप्या बोलीत, आणि त्यात माझे तीन रविवार गेले. तरी ते करायलाच हवं. ज्यांना शाळेतलं सगळ्यात जास्त माहीत असतं, त्यांना प्रश्नच कळला नाही तर उपयोग काय?

झोपेचा नियम आम्ही आमच्याकडून घातला. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांना ८ ते १० तास. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. ते आळसाचं लक्षण नाही. त्यामुळे सकाळी लवकरचे जादा तास नववी-दहावीच्या मुलांच्या झोपेतूनच वजा होतात. जादा तास दुपारनंतर घ्यायचे, असं ठरवलं. काही पालकांना ते पटलेलं नाही आणि त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

आणि वजनाचा नियम. हा माझ्या आग्रहानं आला. आधीच्या एका शाळेत मुलांची वजनं घेऊन यादी फळ्यावर लावली होती. आपल्या भल्यासाठीच, असं सांगून. एक मुलगी त्यानंतर मैदानावर यायची थांबली. रोज काही ना काही कारण. मी ते तेव्हा ओळखलं नाही, हे अजून सलतं. आता आमच्या धोरणात स्पष्ट आहे: उंची-वजन बंद खोलीत, एकेकाला, पालकांच्या संमतीनं. आकडा फक्त पालकांना कळवला जाईल. आणि शाळेतली कोणतीही मोठी व्यक्ती कोणत्याही मुलाच्या शरीरावर, जाड असो की बारीक, शेरा मारणार नाही.

वर्षानंतर गुणांकन पुन्हा केलं. जेवणाच्या वेळेचा गुण, मोजणीनंतर ठरलेल्या १ वरून, २ झाला, ३ अजून नाही, कारण पावसाळी दिवसांत रांगा परत लांबतात. शिक्षेच्या प्रश्नाला सगळ्यांनी ३ दिले, पण आठवीतल्या मुलानं (आता तो नववीत आहे) २ दिले आणि एका शिक्षकांचा तास सांगितला. त्या शिक्षकांशी मुख्याध्यापिका स्वतः बोलल्या. पाण्याचा प्रश्न आम्ही मुद्दाम १ वर ठेवला आहे. कड्या बसल्या, दुपारी एकची सफाई सुरू झाली, पण स्वच्छतागृहं मुलींच्या संख्येला पुरत नाहीत आणि दोन नवीन बांधायचं काम अजून पायाशीच आहे.

हे साधन वापरायचं असेल तर सगळे ११ विभाग एका दमात भरायला जाऊ नका. आम्ही महिन्याला दोन घेतले आणि त्यातच दमलो. सुरुवात शारीरिक शिक्षण आणि आहार या दोन विभागांनी करा, तिथे मोजता येतं. प्रत्येकाकडून आधी एकट्यानं गुण लिहून घ्या. दोघांच्या गुणांत दोनचा फरक दिसला की बाकीचं बाजूला ठेवून तिथेच थांबा आणि कमी गुण देणाऱ्याला आधी बोलू द्या.